दंतचिकित्सेतील तुषार आणि शिंतोडे : खुर्चीशेजारी दिवसभर उभे राहणाऱ्यांचे काय?

धागाकर्ता : दंतपंक्ती

एअरोटर (दात कोरण्याचे यंत्र) किंवा अल्ट्रासॉनिक स्केलर (दातांवरचा टणक थर काढण्याचे यंत्र) रुग्णाच्या तोंडात सुरू झाला की पाणी, लाळ, रक्त, दाताची पूड आणि जंतू यांचे मिश्रण बाहेर उडते. त्यातले मोठे थेंब भिरकावलेल्या खड्यांसारखे जातात आणि डॉक्टरांच्या चष्म्यावर, असिस्टंटच्या कपाळावर, रुग्णाच्या छातीवर किंवा ट्रेमधल्या हत्यारांवर पडतात. बारीक कण मात्र पडत नाहीत, ते खोलीभर तरंगतात. मिसिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६९ साली दवाखान्यातल्या हवेचा अभ्यास मांडला तेव्हापासून या दोहोंमधली सीमा ढोबळमानाने ५० मायक्रॉन मानली जाते (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). त्यापेक्षा मोठे ते शिंतोडे आणि लहान ते एरोसोल. स्थिर हवेत १०० मायक्रॉनचा थेंब काही सेकंदांत जमिनीवर येतो, १० मायक्रॉनच्या कणाला छातीच्या उंचीवरून खाली यायला सात-आठ मिनिटे लागतात आणि १ मायक्रॉनचा कण तासन्‌तास हवेत राहू शकतो. चष्मा आणि फेस शील्ड पहिल्या प्रकाराला अडवतात. दुसऱ्या प्रकारापुढे त्यांचा उपयोग फारसा नाही, कारण तो कण शील्डच्या कडेने हवेबरोबर आत येतो.

हा धागा काढण्याचे कारण असे की २०२० नंतर आमच्या व्यवसायात संरक्षण म्हणजे अंगावर काहीतरी चढवणे, असा समज पक्का होऊन बसला आहे. गाऊन, टोपी, दुहेरी मास्क यांवर दवाखान्यांनी भरपूर खर्च केला. पण रुग्णाच्या तोंडातून उडालेल्या तुषारांपासून मास्क वाचवतो तो फक्त घालणाऱ्याला, आणि तोही नीट बसला असेल तर. तुषार तोंडातून बाहेर पडतानाच ओढून घेतले तर डॉक्टर, असिस्टंट, झाडलोट करणाऱ्या मावशी, बाहेर बसलेले नातेवाईक आणि पुढचा रुग्ण हे सगळेच वाचतात. अमेरिकेतील नायॉश ही कामगारांच्या आरोग्यासाठीची संस्था धोक्याच्या नियंत्रणाची जी उतरंड सांगते, तिच्यात धोका मुळातच टाळणे सर्वांत वर, यांत्रिक उपाय त्याखाली आणि वैयक्तिक संरक्षक साधने अगदी तळाशी आहेत. आपण ती उतरंड उलटी करून वापरतो.

सक्शनपासूनच, म्हणजे तोंडातून ओढून घेणाऱ्या नळीपासूनच सुरुवात करतो. रुग्णाच्या ओठात अडकवलेली बारीक नळी, म्हणजे सलायव्हा इजेक्टर, तोंडात साचलेले पाणी काढते, परंतु ती तुषार पकडत नाही. तुषारांसाठी हाय व्हॉल्यूम सक्शन, म्हणजे जाड सक्शन लागते, ज्याच्या टोकाचे भोक साधारण ८ मिलिमीटर किंवा त्याहून मोठे असते आणि जे मिनिटाला सुमारे १०० घनफूटांपर्यंत हवा ओढू शकते. हॅरेल आणि मोलिनारी यांनी २००४ साली घेतलेल्या आढाव्यात असे सक्शन नीट धरल्यास कामाच्या जागेतून बाहेर जाणारे प्रदूषण ९० टक्क्यांहून अधिक कमी होऊ शकते, असे म्हटले आहे. आपल्याकडच्या पुष्कळ खुर्च्यांवर मात्र कंप्रेसरच्या हवेवर चालणारे सक्शन असते. त्यावर जाड नळी लावता आली, तरी तेवढ्याने ते हाय व्हॉल्यूम ठरत नाही, कारण भोक मोठे केले तरी मागे ओढ तेवढीच राहते. त्यासाठी वेगळी सक्शन मोटर लागते, आणि खुर्ची विकत घेताना तोच खर्च सर्वप्रथम कापला जातो.

दुसरे साधन रबर डॅम, म्हणजे दाताभोवती ताणून बसवायचा पातळ रबरी पडदा. न्यूयॉर्कच्या सॅनफर्ड बार्नम यांनी ते १८६४ साली वापरात आणले, म्हणजे एअरोटरच्या कितीतरी आधी. रूट कॅनाल करताना किंवा दात भरताना दात पडद्याबाहेर आणि लाळ पडद्याआड राहिली, तर जे उडते ते बहुतांशी यंत्राचे पाणी असते. महाविद्यालयात सक्तीने वापरलेला हा पडदा नंतर खणात पडून राहतो, याला रुग्णांची नापसंती हे कारण सांगितले जाते, पण माझ्या मते खरे कारण आपली घाई हेच आहे. अर्थात त्याला मर्यादा आहेत. स्केलिंगमध्ये हिरडीपाशीच काम असल्याने तो लावता येत नाही, आणि लावल्यावर पडद्यावर आदळलेले पाणी उसळून काम करणाऱ्याच्या डोक्याकडे येऊ शकते. त्यामुळे डॅम लावला तरी टोपी आणि जाड सक्शन यांची गरज राहतेच.

यंत्र कोणते वापरायचे, हाही निर्णय आपल्याच हाती असतो. एअरोटर हवेच्या झोतावर मिनिटाला तीन-चार लाख फेरे घेतो आणि पाण्याचे तुषार करून ते झोताबरोबर बाहेर फेकतो. विजेवर चालणाऱ्या हँडपीसमध्ये (हातात धरायच्या कोरणीयंत्रात) तो हवेचा झोत नसतो, आणि वेग ६०,००० फेऱ्यांच्या खाली ठेवल्यास तुषारांचा धोका बराच उतरतो, अशी भूमिका ब्रिटनमधील मार्गदर्शक सूचनांनी करोनाकाळात घेतली होती. पाणी आणि हवा मारणाऱ्या थ्री-वे सिरिंजची दोन्ही बटणे एकदम दाबायची नाहीत, आधी पाणी आणि मग हवा, एवढा नियम पाळायला तर एक रुपयाही लागत नाही.

आपापल्या दवाखान्यांत काय व्यवस्था आहे, ती जागेवर कितपत चालते, हे सर्वांनी लिहावे. असिस्टंट म्हणून काम करणाऱ्यांनी तर जरूर लिहावे.

प्रतिसाद : निशिगंध

डॉक्टर, आपण असिस्टंटांना बोलावले म्हणून लिहिते. मी पुण्यात दातांच्या दवाखान्यांत असिस्टंट म्हणून काम करते. दंतवैद्यांसाठीच्या १९४८ च्या कायद्यात दंतवैद्य, हायजिनिस्ट (दात साफ करणारे) आणि डेंटल मेकॅनिक (कवळ्या बनवणारे) यांची नोंदणी सांगितली होती, आम्हा असिस्टंटांची नव्हती. बहुतेकजणी शिकलो ते खुर्चीशेजारी उभे राहून. त्यामुळे सक्शन कुठे धरायचे, हे प्रत्येक डॉक्टर आपापल्या पद्धतीने सांगतात, आणि काही जण सांगतही नाहीत.

माझा अनुभव असा की सक्शनचे टोक कामाच्या दातापासून एक-दोन सेंटिमीटरवर, आणि डॉक्टरांच्या हातातले यंत्र सुरू होण्याआधी पोहोचलेले असले पाहिजे. यंत्र आधी सुरू झाले की पहिला फवारा हवेत गेलेलाच असतो. हे साधायला डॉक्टरांनी “सुरू करतोय” असा शब्द द्यावा लागतो, आणि शेवटी यंत्र थांबल्यावर दोन-तीन सेकंद सक्शन तसेच धरू द्यावे लागते. खालच्या दाढांच्या आतल्या बाजूला काम असते तेव्हा जीभ बाजूला धरायची की सक्शन धरायचे, हा प्रश्न येतो. तिथे माझे दोन्ही हात त्याच कामाला मोकळे हवेत, म्हणजे जीभ सावरणारा आरसा डॉक्टरांच्या हाती आणि माझ्या दोन्ही हातांत सक्शन आणि थ्री-वे सिरिंज. फोन उचलायला, बिल करायला, पुढच्या रुग्णाला आत घ्यायलाही मीच असेन, तर कितीही भारी मोटर घेतली तरी ती खुंटीला टांगलेली राहील.

दुसरी गोष्ट मास्क काढण्याच्या वेळेची आहे. रुग्ण उठला की डॉक्टर मास्क खाली ओढून औषधांची चिठ्ठी लिहायला बाहेरच्या टेबलावर जातात. मी त्याच हवेत थांबून ट्रे उचलते, स्पिटून (थुंकण्याचे भांडे) धुते, खुर्ची पुसते, सक्शनची जाळी काढून साफ करते. वर दिलेले मिनिटांचे हिशेब खरे असतील, तर सर्वांत जास्त वेळ मास्क कोणी ठेवायला हवा? आमच्या ओळखीच्या कित्येक मुलींना या वेळेला कोणी मास्क लावून ठेवायला सांगितलेलेच नाही. चांगले मास्क डॉक्टरांसाठी आणि असिस्टंटसाठी पातळ तीनपदरी, अशी वाटणीही मी पाहिली आहे. जाळी साफ करताना तर शिंतोडे हमखास उडतात, तेव्हा चष्मा हवाच.

शेवटचे म्हणजे गाऊन घरी नेऊन धुणे. तो गाऊन घरच्या लहान मुलांच्या कपड्यांत मिसळतो. दवाखान्यातच धुण्याची सोय करायला किती खर्च येतो, ते डॉक्टरांनीच सांगावे.

प्रतिसाद : जुनाजाणता

मी निवृत्तीच्या वाटेवरचा दंतवैद्य आहे. आमच्या पिढीने हातमोज्यांशिवाय दात काढले, मास्क हनुवटीवर ठेवून काम केले, आणि आम्ही जिवंत आहोत. स्वच्छता हवी, यात वाद नाही. पण प्रत्येक दवाखान्याने मोटर, एक्झॉस्ट, फिल्टर असे सगळे घेतले तर तालुक्याच्या गावात स्केलिंगचे दर कोणाला परवडतील, याचाही विचार करावा. २०२० साली विक्रेत्यांनी भीती विकली, तेच पुन्हा होऊ नये एवढेच म्हणणे आहे.

प्रतिसाद : दंतपंक्ती

जुनाजाणता सर, विक्रेत्यांविषयी आपण म्हणता ते पूर्ण मान्य आहे. पण “आम्ही जिवंत आहोत” हे जिवंत असलेलेच सांगू शकतात. लस येण्यापूर्वी दंतवैद्यांमध्ये हिपॅटायटिस बीचे प्रमाण सर्वसामान्य लोकसंख्येपेक्षा जास्त होते, हे आपल्या पिढीला आमच्यापेक्षा चांगले ठाऊक असेल. हा विषाणू वाळलेल्या रक्तात पृष्ठभागावर सात दिवस टिकू शकतो आणि डोळ्यात उडालेल्या शिंतोड्यातूनही लागण होऊ शकते.

आणखी एक नोंद सांगतो. अमेरिकेच्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेने मार्च २०१८ मध्ये प्रसिद्ध केले की व्हर्जिनियातील एका मोठ्या रुग्णालयात २००० ते २०१५ या काळात फुप्फुसे कडक होत जाण्याच्या आयपीएफ या आजारावर उपचार घेतलेल्या ८९४ रुग्णांमध्ये ९ जण दंतचिकित्सेच्या क्षेत्रातले निघाले. त्यातल्या ७ जणांचा मृत्यू झाला होता. कारण सिद्ध झालेले नाही, हे त्या अहवालातही स्पष्ट आहे. हयात असलेल्या ज्या एका रुग्णाशी बोलता आले त्याने सांगितले की कवळ्या आणि उपकरणे घासताना, मापे घेण्याचे मिश्रण कालवताना आपण मास्क वापरला नव्हता. म्हणजे प्रश्न केवळ जंतूंचा नाही. सिलिका, प्लास्टर, ॲक्रिलिक, धातूची पूड हेही आपण श्वासात घेतो. डेंटल लॅबमध्ये लेथवर पॉलिश करणारे तंत्रज्ञ तर आपल्या चर्चेत कधी येतच नाहीत, आणि त्यांच्याकडे सक्शन सोडाच, खिडकीही नसते.

खर्चाचे म्हणाल तर मी क्रम सुचवतो, सगळे एकदम घ्या असे म्हणत नाही. सर्वांत आधी हिपॅटायटिस बीची लस असिस्टंट आणि मावशींनाही, तीन मात्रा ०, १ आणि ६ महिन्यांना, आणि शेवटच्या मात्रेनंतर एक-दोन महिन्यांनी प्रतिपिंडांची तपासणी. त्यांची पातळी १० (मिली-आययू प्रति मिलिलिटर) किंवा त्याहून अधिक आली म्हणजे संरक्षण आले. याचा खर्च आपल्या एका क्राऊनच्या (दातावरच्या टोपीच्या) बिलाइतकाही नाही. निशिगंधताई, गाऊन दवाखान्यात धुण्यासाठी साधे कपडे धुण्याचे यंत्र पुरते, आणि ते असिस्टंटच्या घरी चालण्याऐवजी दवाखान्यात चालायला हवे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

प्रतिसाद : वातायन

मी वातानुकूलन आणि वायुवीजनाच्या क्षेत्रातला अभियंता आहे, ठाण्यात काम करतो. दवाखाने बघितले की पहिल्यांदा छताकडे नजर जाते, आणि दहापैकी बहुतेक ठिकाणी दिसतो तो स्प्लिट एसी आणि बंद काच. स्प्लिट एसी बाहेरची हवा आत आणत नाही, खोलीतलीच हवा थंड करून परत फिरवतो. थंडावा आणि ताजी हवा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे डॉक्टरांना पटवायला मला सर्वांत जास्त वेळ लागतो.

हिशेब अवघड नाही. १० बाय १० फुटांची, १० फूट उंच खोली म्हणजे १,००० घनफूट. तासाला सहा वेळा हवा बदलायची तर तासाला ६,००० घनफूट, म्हणजे मिनिटाला १०० घनफूट हवा बाहेर गेली पाहिजे. बारा वेळा हवी तर मिनिटाला २००. सीडीसीच्या तक्त्याप्रमाणे तासाला ६ बदल असतील तर हवेतले ९९ टक्के कण निघून जायला ४६ मिनिटे लागतात, १२ बदल असतील तर २३ मिनिटे. हे आकडे हवा खोलीत पूर्ण मिसळते असे धरून काढलेले आहेत. प्रत्यक्षात कोपऱ्यात हवा साचते, त्यामुळे यापेक्षा जास्तच वेळ धरावा.

पंख्याच्या खोक्यावर लिहिलेला आकडा मोकळ्या हवेतला असतो. त्यापुढे जाळी, वाकडा पाइप आणि झडप आली की तो बराच खाली येतो, म्हणून गरजेपेक्षा मोठा पंखा घ्यावा. हवा बाहेर टाकायची तर तेवढी आत येण्याची वाट हवी, ती दाराखालच्या फटीतून किंवा दाराच्या जाळीतून मिळते. अशा वेळी प्रतीक्षाकक्षातली हवा खुर्चीच्या खोलीत येते आणि तिथून बाहेर जाते, ही दिशा योग्य आहे. उलटी झाली तर तुषार बाकावर बसलेल्यांकडे जातील. पंखा रुग्णाच्या डोक्याजवळच्या भिंतीत, आणि हवा येण्याची वाट पायांच्या बाजूला ठेवली तर असिस्टंटच्या तोंडावरून प्रवाह जात नाही.

भिंत फोडायला सोसायटी परवानगी देत नसेल तर हेपा फिल्टरचे यंत्र घ्यावे. हेपा म्हणजे ०.३ मायक्रॉनच्या कणांपैकी ९९.९७ टक्के अडवणारा. वरच्याच खोलीचे घनफळ साधारण २८ घनमीटर होते, म्हणजे तासाला १२ बदलांइतकी स्वच्छता हवी असेल तर तासाला ३४० घनमीटर स्वच्छ हवा देणारे यंत्र लागेल. ते डॉक्टरांच्या किंवा असिस्टंटच्या पाठीमागे ठेवू नये. यंत्र आणि रुग्णाचे तोंड यांच्या मध्ये कर्मचारी उभा राहिला तर सगळी घाण त्याच्या चेहऱ्यावरून ओढली जाते. कार्बन डायऑक्साइड मोजणारे स्वस्त मीटर ताजी हवा किती येते ते दाखवते, पण हेपा यंत्राचे काम त्यावर दिसत नाही, हे लक्षात ठेवावे.

जाता जाता एक गोष्ट. हायपोक्लोराइटचा धूर खोलीत सोडून “सॅनिटाइज” करण्याची जी पद्धत अजून काही ठिकाणी चालू आहे, तिला जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२० मध्येच नकार दिला होता. त्याने हवा शुद्ध होत नाही, उलट पुसायला आत येणाऱ्याचा घसा आणि डोळे जळतात.

प्रतिसाद : रेवती_लेस्टर

मी इंग्लंडमध्ये डेंटल हायजिनिस्ट आहे, मूळची नाशिकची. इथे पहिल्या लॉकडाऊननंतर दवाखाने उघडले तेव्हा तुषार उडवणाऱ्या प्रत्येक उपचारानंतर खोली तासभर रिकामी ठेवायची, असा नियम होता. पुढे खोलीतली हवा किती वेळा बदलते आणि जाड सक्शन व रबर डॅम वापरले का, यावर तो कालावधी दहा ते तीस मिनिटांच्या आसपास आणला गेला. त्यामुळे मालकांनी पहिल्यांदाच वायुवीजन मोजून घेतले, कारण हवा जितकी जास्त बदलेल तितके रुग्ण जास्त बघता येणार होते. पैशाचे गणित जुळले की सुधारणा होते, हा माझा निष्कर्ष थोडा कडवट आहे, पण खरा आहे.

हायजिनिस्टची अडचण वेगळी असते. आमच्यापैकी अनेकींना असिस्टंट मिळत नाही. एका हातात आरसा, दुसऱ्या हातात स्केलर, मग सक्शन कोण धरणार? सर्वाधिक तुषार उडवणारे यंत्र अल्ट्रासॉनिक स्केलर, आणि तेच एकट्या माणसाच्या हाती, हा विरोधाभास जगभर आहे. हाताशिवाय तोंडात राहणारे जाड सक्शन, म्हणजे गाल आणि जीभ बाजूला धरून त्यातूनच ओढणारी साधने मिळतात. स्केलरच्या दांड्यालाच जोडता येणारी नळीही मिळते. दोन्ही मी वापरली आहेत, दांड्याची नळी मनगटाला जड वाटते, पहिली बरी. शिवाय स्केलरची शक्ती सवयीने पूर्ण ठेवली जाते, ती कमी ठेवून, दातांवरचे टणक थर मोडल्यावर उरलेले काम हाताच्या हत्यारांनी करणे शक्य असते. वेळ जास्त लागतो हे कबूल.

रुग्णाने सलायव्हा इजेक्टरभोवती ओठ मिटले तर नळीतली ओढ बदलून आतले द्रव उलटे तोंडात येऊ शकते, म्हणून “ओठ बंद करून ओढा” असे सांगणे मी पूर्ण बंद केले आहे.

मास्कबद्दल दोन शब्द. एन-९५ किंवा त्या दर्जाचा मास्क चेहऱ्याला चिकटून बसतो की नाही, याची चाचणी इथे प्रत्येकाची होते. एकाच आकाराचा मास्क दवाखान्यातल्या सगळ्यांना बसत नाही, लहान चेहऱ्याच्या मुलींना तर बहुधा सैल होतो. दाढीवर तो बसतच नाही. शीख सहकाऱ्यांनी यावर दाढीभोवती रबरी पट्टा घट्ट बांधून त्यावर मास्क लावण्याची युक्ती वापरली आणि तिच्यावर वैद्यकीय नियतकालिकात लेखनही झाले.

प्रतिसाद : हिरडी

मी दंत महाविद्यालयात परिदंतशास्त्र, म्हणजे हिरड्यांचे शास्त्र शिकवतो. आमच्याकडे एका मोठ्या हॉलमध्ये ओळीने खुर्च्या असतात आणि एकाच वेळी डझनभर स्केलर सुरू असतात, त्यामुळे एका खुर्चीवर कितीही काळजी घेतली तरी शेजारच्या खुर्चीचे तुषार येतातच. न्यूकॅसल विद्यापीठात २०२० च्या सुमारास अशाच खुल्या हॉलमध्ये पुतळ्याच्या तोंडात चमकणारा रंग घालून प्रयोग झाले, आणि रंगाचे अंश काही मीटरांपर्यंत सापडले. सक्शन लावल्यावर ते कमी झाले. खुर्च्यांमध्ये उंच पडदे घालणे आणि एकाआड एक खुर्चीवरच स्केलिंग ठेवणे, एवढे तरी संस्थांनी करावे.

आता पुराव्याविषयी, कारण या धाग्यावर टक्केवाऱ्या जरा सैल हाताने येत आहेत. वैद्यकीय पुराव्याचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०२० च्या आढाव्यात १६ अभ्यास आणि ४२५ सहभागी होते. सगळ्यांनी जीवाणूंच्या वसाहती मोजल्या, विषाणू कोणी मोजले नाहीत, आणि कर्मचाऱ्यांमध्ये आजार किती कमी झाला हे एकानेही तपासले नाही. जाड सक्शनने फूटभराच्या आत प्रदूषण घटू शकते, त्यापलीकडे फरक दिसेलच असे नाही, असे त्यांना आढळले, आणि तोही पुरावा अतिशय कमी खात्रीचा होता. याचा अर्थ सक्शन निरुपयोगी असा नाही. त्याचा अर्थ असा की सक्शनमधून सुटलेले कण खोलीतून काढण्यासाठी वातायन यांनी लिहिलेली दुसरी फळी लागतेच. आणि फूटभराच्या आत कोण असते? डॉक्टर आणि असिस्टंट.

उपचारापूर्वीच्या चूळभरणीविषयी कोणी लिहिले नाही. क्लोरहेक्सिडीन या जंतुनाशकाने अर्धा ते एक मिनिट चूळ भरल्यावर तुषारांतले जीवाणू कमी होतात, हे बऱ्याच अभ्यासांत दिसते. परंतु दात आणि हिरडी यांच्यामधल्या खोल फटीतल्या जंतूंपर्यंत चूळ पोहोचत नाही, रक्तातल्या विषाणूवर तिचा परिणाम होत नाही. स्वस्त आहे, करावी, पण चूळ भरली म्हणून मास्क ढिला करू नये.

माझ्या दृष्टीने सर्वांत दुर्लक्षित बाब खुर्चीतून यंत्रांना जाणारे पाणी ही आहे. ओहायो स्टेट विद्यापीठातील संशोधकांनी २०२१ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात उपचारानंतर डॉक्टर, असिस्टंट आणि रुग्णाच्या छातीवर साचलेल्या थेंबांतले जंतू कुठून आले, ते जनुकीय पद्धतीने शोधले. बहुतांश जंतू यंत्राच्या पाण्यातून आलेले निघाले, लाळेचा वाटा थोडा होता. काहींनी यावरून “मग भीती नाही” असा अर्थ काढला. मी उलटा काढतो. बारीक नळ्यांमध्ये पाणी रात्रभर साचते, आतल्या भिंतीवर जंतूंचा बुळबुळीत थर वाढतो आणि सकाळी पहिल्या एअरोटरबरोबर तोच फवारला जातो. इटलीत २०११ साली ८२ वर्षांच्या एका महिलेचा लिजिओनेला या न्यूमोनिया घडवणाऱ्या जीवाणूने मृत्यू झाला आणि त्याचा उगम दंतवैद्याच्या खुर्चीतल्या पाण्यात सापडला. अमेरिकेत जॉर्जिया आणि कॅलिफोर्नियात २०१५-१६ मध्ये लहान मुलांच्या दुधाच्या दातांवर उपचार केल्यावर मायकोबॅक्टेरियमच्या (क्षयरोगाच्या जंतूच्या कुळातल्या जीवाणूंच्या) लागणीच्या साथी झाल्या, त्याही अशाच पाण्यातून. हेच पाणी असिस्टंट दिवसभर श्वासात घेते. सीडीसीची मर्यादा मिलिलिटरला ५०० वसाहतींची आहे. खुर्चीच्या बाटलीत बोअरचे पाणी भरणे बंद करावे, नळ्या ठरावीक काळाने निर्मात्याने सांगितलेल्या औषधाने धुवाव्यात, दोन रुग्णांच्या मध्ये २०-३० सेकंद पाणी सोडावे. ते सोडतानाही सक्शनच्या तोंडात सोडावे, नाहीतर तोही एक फवाराच.

क्षयरोग हा आपल्या देशातला वेगळा मुद्दा आहे. ज्याचा खोकला आठवडेच्या आठवडे चालू आहे, वजन उतरले आहे, त्याचे स्केलिंग थांबवून आधी तपासणीला पाठवणे हा तुषार टाळण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग आहे. त्यासाठी खुर्चीवर घेण्याआधी दोन प्रश्न विचारणारी व्यक्ती हवी.

प्रतिसाद : दातदुखी

मी नुसता रुग्ण आहे. आम्ही काय करू शकतो?

प्रतिसाद : निशिगंध

दादा, खोकला-ताप असेल तर फोन करून वेळ पुढे घ्या, हे सर्वांत मोठे काम. चष्मा दिला तर घाला, नको म्हणू नका. मध्येच उठून स्पिटूनमध्ये जोरात चूळ टाकण्याऐवजी हात वर करा, आम्ही सक्शनने पाणी काढतो. रबर डॅम लावायचा म्हटल्यावर “गुदमरते” म्हणून आधीच नकार देऊ नका, नाकाने श्वास घेता येतो. आणि लहान मुलाबरोबर सगळे कुटुंब खोलीत आणू नका, एकजण पुरे.

प्रतिसाद : जुनाजाणता

पाण्याचा मुद्दा मला नवीन होता, तो पटला. क्रमही पटला. मी माझ्या दवाखान्यात सक्शन मोटर बसवण्याचा विचार करतो आहे, खुर्च्या दोन आहेत. मोटर कंप्रेसरशेजारी, आतल्या पॅसेजमध्ये ठेवली तर चालेल का? जागा तेवढीच आहे.

प्रतिसाद : वातायन

सर, पॅसेजमध्ये ठेवता येईल, पण तिच्यातून बाहेर पडणारी हवा पॅसेजमध्ये सोडू नये. रुग्णाच्या तोंडातून ओढलेली तीच हवा आहे, आणि योग्य जंतुरोधक फिल्टर नसेल तर आपण तुषार खुर्चीजवळून उचलून पॅसेजमध्ये सोडल्यासारखे होईल. शिवाय तुमचा कंप्रेसर तिथेच असेल तर तो ती हवा खेचून घेईल आणि एअरोटरमधून पुन्हा रुग्णाच्या तोंडात पाठवील. मोटरचा एक्झॉस्ट पाइपने इमारतीबाहेर, शेजारच्या खिडकीपासून आणि तुमच्याच एसीच्या बाहेरच्या युनिटपासून लांब न्यावा, आणि पाइपला पावसाचे पाणी आत येणार नाही असे खाली वळलेले तोंड द्यावे. दोन्ही खुर्च्यांवर एकाच वेळी जाड सक्शन लागणार असेल तर मोटर दोन खुर्च्यांच्या एकत्रित प्रवाहासाठी आहे का, हे विकत घेण्याआधी लेखी विचारून घ्या. विक्रेते “दोन खुर्च्यांना चालते” म्हणतात तेव्हा त्यांच्या मनात बहुधा एका वेळी एकच खुर्ची असते.